स्पार्कमध्ये कॉलम 'नलेबल फॉल्स' कसा करायचा, आणि कुठे करायचा

प्रश्न असा आहे: स्पार्कमध्ये (मोठा डेटा हाताळणारं इंजिन) पार्के फाइली (डेटा कॉलमवार साठवणारा फॉरमॅट) वाचताना स्वतःचा स्कीमा, म्हणजे कॉलमची नावं आणि टाइप, दिला, त्यात ऑर्डर_आयडी आणि रक्कम हे दोन कॉलम नलेबल फॉल्स, म्हणजे नल (रिकामी किंमत) नसणारे, ठेवले. तरीही स्कीमा छापणारा प्रिंटस्कीमा दोन्हींपुढे नलेबल ट्रूच दाखवतो. मग नल असलेल्या ओळी फिल्टरने काढून टाकल्या, तरी ट्रू. शेवटी ही डेटाफ्रेम (स्पार्कमधलं टेबल) आइसबर्ग या टेबल फॉरमॅटच्या टेबलात लिहायला गेलं, की 'नॉट नल कॉलममध्ये नलेबल व्हॅल्यू लिहिता येत नाहीत' अशा अर्थाची एरर येऊन जॉब पडतो. सहकाऱ्याने सुचवलं आहे की डेटाफ्रेमचा आरडीडी (तिच्याखालचा ओळींचा कच्चा संच) काढा आणि हव्या त्या स्कीमाने पुन्हा डेटाफ्रेम बनवा. तसं करावं का? आणि आधीपासून असलेल्या टेबलातला कॉलम नंतर नॉट नल करता येतो का?

आरडीडीची वाट धरू नका. त्या वाटेने एरर जाते हे खरं, पण कॉलममध्ये खरोखर नल नाही याची खात्री तिच्यातून मिळेलच असं नाही, आणि जॉब मंदावतो तो वेगळाच. आधी काय करायचं ते सांगतो, कारणं मागून येतील.

फाइल वाचून झाली की लगेच, बाकीचं काहीही सुरू होण्याआधी, दोन गोष्टी करा. पहिली: ज्या ओळींत ऑर्डर_आयडी नल आहे त्या वेगळ्या टेबलात टाका, म्हणजे त्या कुठून आल्या हे कुणाला तरी शोधता येईल. दुसरी: उरलेल्या ओळींवर विथकॉलम वापरून ऑर्डर_आयडी पुन्हा लिहा. उजव्या बाजूला कोअलेस (पहिली नल नसलेली किंमत देणारं फंक्शन) ठेवा आणि त्याला तीन गोष्टी द्या: मूळ कॉलम, मग 'ऑर्डर_आयडी रिकामा आला' अशा संदेशाचं रेझ_एरर, आणि शेवटी त्याच टाइपचं लिट, म्हणजे एक ठरलेली किंमत, समजा उणे एक. कोअलेस डावीकडून उजवीकडे जातं. मूळ कॉलममध्ये किंमत असेल तर तीच मिळते. नल असेल तर रेझ_एररवर पोचून जॉब तिथेच थांबतो. शेवटच्या लिटपर्यंत कुणी कधीच पोचत नाही. पण ते तिथे असलं पाहिजे, कारण कोअलेसचा निकाल नलेबल फॉल्स होण्यासाठी आतली निदान एक गोष्ट स्वतः नलेबल फॉल्स असावी लागते. रेझ_एरर स्वतःला नलेबल म्हणवतं, लिट म्हणवत नाही. रेझ_एरर स्पार्क 3.1 पासून आहे, आणि हीच रचना एसक्यूएलमध्येही जशीच्या तशी लिहिता येते.

आधी फिल्टर केलंय, मग रेझ_एरर कशाला? कारण सहा महिन्यांनी कुणीतरी वरचा फिल्टर बदलणार आहे. त्या दिवशी उणे एक अशी ऑर्डर टेबलात शिरण्यापेक्षा जॉब पडलेला बरा.

रक्कम या कॉलमचं मात्र आधी ठरवा. रक्कम नल असणं म्हणजे 'अजून आकारणी झाली नाही' असं असेल, तर तो कॉलम नॉट नल करण्याचा आग्रहच सोडा. तिथला नल ही माहिती आहे. नल म्हणजे 'काही आकारलंच नाही' असा व्यवहारातला अर्थ असेल, तरच कोअलेसमध्ये मूळ कॉलम आणि शून्याचं लिट एवढंच ठेवा. एनए डॉट फिल (नल भरण्याची तयार सोय) हेच काम करतं, त्याच्या पोटातही कोअलेसच आहे आणि त्यानंतर कॉलम नलेबल फॉल्स दिसतो. फक्त डबल किंवा फ्लोट कॉलम असेल तर ते नल भरता भरता नॅनही ('हा अंकच नाही' अशी खूण) बदलून टाकतं. भागाकारातून आलेले नॅन तुम्हाला वेगळे ओळखायचे असतील, तर तिथे एनए डॉट फिल वापरू नका.

टेबलात लिहिण्याच्या आधी आणखी एक पायरी ठेवा. स्पार्क 3.4 पासून डेटाफ्रेमवर 'टू' नावाची मेथड आहे. तिला टेबलाचा अपेक्षित स्कीमा द्या. कॉलमचा क्रम आणि टाइप ती जुळवून देते, आणि नलेबल कॉलम नॉट नल जागी बसवायचा प्रयत्न झाला तर नकार देते. हा नकार डेटा वाचायला सुरुवात होण्याआधी, प्लॅन तपासतानाच मिळतो. दोन तास चालून पडणाऱ्या जॉबपेक्षा दोन सेकंदांत पडणारा जॉब कधीही चांगला.

आता कारणांकडे येऊ. स्पार्कच्या स्कीमातला नलेबल हा फ्लॅग डेटाबेसमधल्या नॉट नल बंधनासारखा दिसतो, आणि बहुतेक गोंधळ या दिसण्यातून होतो. पोस्टग्रेसमध्ये नॉट नल लिहिलं की प्रत्येक इन्सर्टला डेटाबेस स्वतः तपासतो. स्पार्कमध्ये नलेबल फॉल्स म्हणजे 'या कॉलममध्ये नल नाही, तपासायची गरज नाही' असा कॅटलिस्ट ऑप्टिमायझरला (क्वेरीचा प्लॅन सुधारणाऱ्या भागाला) दिलेला शब्द. एकदा शब्द मिळाला की ऑप्टिमायझर तो मनापासून खरा मानतो आणि त्यावर पुढचे निर्णय घेतो.

म्हणूनच फाइलीतून वाचताना स्पार्क तुमचं ऐकत नाही. पार्के, ओआरसी, जेसन, सीएसव्ही, सगळ्या फाइली बाहेरून येतात. कुठल्या तरी दुसऱ्या टीमने, दुसऱ्या टूलने, कधीतरी लिहिलेल्या. स्पार्क त्यांच्यासाठी जबाबदारी घेत नाही. फाइलीचा स्कीमा सगळाच्या सगळा नलेबल करून घेतो, मग तुम्ही हाताने काहीही दिलेलं असो. पार्केच्या स्वतःच्या फूटरमध्ये कॉलम रिक्वायर्ड असला तरी वाचल्यावर ट्रूच. डॉक्युमेंटेशनमध्ये हे 'सुसंगतीसाठी' म्हणून एका ओळीत लिहून टाकलं आहे. ती ओळ वाचायची राहून जाते आणि माणूस अर्धा दिवस स्वतःचा स्कीमा तपासत बसतो.

हा नियम एका दिवसात असा झालेला नाही. पूर्वी काही वाटांनी फॉल्स तसाच आत यायचा. फाइलींवरच्या स्ट्रीमिंगमध्ये तुमच्या स्कीमाचा मान राखला जायचा, आणि एखाद्या फाइलीत नल आला की नलपॉइंटर एक्सेप्शन अशा जागी फुटायचं की मूळ कारण सापडता सापडत नसे. स्पार्क 3.0 मध्ये तिथेही सक्तीने नलेबल करण्यात आलं. स्ट्रिंगच्या डेटासेटमधून जेसन किंवा सीएसव्ही वाचताना फॉल्स टिकायचा, तोही 3.3 मध्ये बंद झाला. दोन्ही बदलांसाठी जुनी वागणूक परत आणणाऱ्या सेटिंग आहेत. त्या चालू करण्याचं एकही चांगलं कारण मला आजवर सापडलेलं नाही. जेडीबीसीने (डेटाबेसशी जोडणारी सोय) वाचतानाही तेच: मूळ टेबलात प्रायमरी की असली तरी स्पार्कमध्ये तो कॉलम नलेबल म्हणूनच उतरतो.

फिल्टर लावूनही ट्रू का राहतो, हा यातला सर्वांत जास्त छळणारा भाग. ऑर्डर_आयडी इज नॉट नल असा फिल्टर लावला, तर त्यापुढे नल उरणं शक्यच नाही, हे आपल्याला दिसतं. स्पार्कलाही दिसतं. पण लॉजिकल प्लॅनमध्ये (काय करायचं याच्या आराखड्यात) फिल्टर आपल्या खालच्या पायरीचे कॉलम जसेच्या तसे वर पाठवतो, आणि प्रिंटस्कीमा त्या लॉजिकल प्लॅनवरूनच छापला जातो. फिजिकल प्लॅन (ते प्रत्यक्ष कसं करायचं याचा आराखडा) बनवताना फिल्टरची पायरी स्वतः ओळखते की अमुक कॉलम आता नल असू शकत नाही, आणि पुढच्या जनरेट केलेल्या कोडमध्ये त्याचा फायदाही घेते. म्हणजे फायदा मिळतो, स्कीमात दिसत नाही. एनए डॉट ड्रॉपचंही हेच, कारण तो शेवटी फिल्टरच आहे. आइसबर्गमध्ये लिहिताना होणारी तुलना स्कीमाशी होते, म्हणून तुमचा जॉब फिल्टर असूनही पडला. अलीकडच्या स्पार्क आवृत्त्यांत ही तपासणी बदलली आहे. प्लॅन नाकारण्याऐवजी लिहिताना प्रत्येक ओळीवर नलची चाचणी बसवली जाते. तुमच्याकडे एरर येतेय त्याअर्थी तुम्ही जुन्या आवृत्तीवर आहात. आइसबर्गमध्ये ही तपासणी बंद करण्याचीही सोय आहे. ती बंद केली तर एरर जाईल आणि शंका टेबलात जाऊन बसेल, म्हणून तिला हात लावू नका.

हा फ्लॅग वाटेत कुठे कुठे बदलतो, ते एकदा डोक्यात बसलं की अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. लिट कधी नल नसतं (तुम्ही नन दिलं नाही तर). काउंट कधी नल नसतं. सम, मॅक्स, ॲव्हरेज असू शकतं, कारण ग्रुपमधल्या सगळ्या किंमती नल असतील तर उत्तरही नल. लेफ्ट जॉइनमध्ये उजव्या बाजूचा प्रत्येक कॉलम नलेबल होतो, मग मूळ टेबलात तो कितीही कडक असो. फुल आउटरमध्ये दोन्हीकडचे. युनियनमध्ये एका बाजूला ट्रू असेल तर निकाल ट्रू. नॉन-ॲन्सी (एसक्यूएलच्या मानकाइतक्या कडक नसलेल्या) वागणुकीत स्ट्रिंगचं इंटिजर करणारं कास्ट केलं की निकाल नलेबल, कारण 'बारा' असं अक्षरात आलं तर स्पार्क मुकाट्याने नल देतो. 4.0 पासून ॲन्सी मोड मुळातच चालू असतो, तिथे तेच कास्ट एरर देऊन थांबतं. पायथन यूडीएफचा (स्वतः लिहिलेल्या फंक्शनचा) निकाल नेहमीच नलेबल. स्कालात यूडीएफने साधा इंट परत केला तर फॉल्स, आणि ॲझनॉननलेबल लावून कुठल्याही यूडीएफला फॉल्स करता येतं. हे शेवटचं सांभाळून वापरा, कारण तुमचं म्हणणं तिथे कुणी पडताळत नाही.

स्कालाच्या केस क्लासमध्ये इंट, लाँग, डबल हे नलेबल फॉल्स होतात. स्ट्रिंग आणि ऑप्शन नलेबल. डेटाफ्रेमला असा केस क्लास लावला आणि इंटच्या जागी नल आला, तर एरर येते. तिचा संदेश मात्र मोठा समजूतदार आहे: नॉन-नलेबल फील्डमध्ये नल आला, ऑप्शन वापरून बघा, असं स्पष्ट सांगतो. ही एरर आली की फील्ड ऑप्शन करून मोकळं होण्याची घाई असते. आधी बघा की तो नल येणं बरोबर आहे का.

आता ज्यासाठी एवढं सगळं सांगतोय तो भाग. दिलेला शब्द खोटा निघाला तर काय होतं?

समजा रक्कम या इंटिजर कॉलममध्ये चार ओळी आहेत: 100, 200, नल, 300. पायस्पार्कमध्ये सहकाऱ्याने सांगितल्याप्रमाणे डॉट आरडीडी काढला, स्कीमात रक्कम नलेबल फॉल्स केली आणि क्रिएटडेटाफ्रेमला दिली. नुसतं एवढंच केलं तर पायस्पार्क प्रत्येक ओळ तपासतो आणि 'हे फील्ड नलेबल नाही, पण नन मिळालं' असं सांगून थांबतो. चांगलं आहे. पण ही तपासणी पायथनमध्ये ओळीगणिक होते, मोठ्या डेटावर ती सोसत नाही, म्हणून लोक व्हेरिफायस्कीमा फॉल्स करतात. इथून पुढे कुणीच बघत नाही.

आता या डेटाफ्रेमवर रक्कम इज नल असा फिल्टर लावून काउंट काढा. उत्तर शून्य. नल तिथे आहे, पण ऑप्टिमायझरने 'हा कॉलम नल असूच शकत नाही' म्हणून ती अट फॉल्सने बदलली आणि डेटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काउंट ऑफ रक्कम काढा. खरं उत्तर 3 हवं, येतं 4, कारण नलेबल नसलेल्या कॉलमचा काउंट तो सरळ ओळींचा काउंट करून टाकतो. सरासरी काढा. नल सोडून सरासरी 200 यायला हवी, येते 150. स्पार्कच्या ओळींच्या आतल्या मांडणीत नल असलेल्या अंकाच्या आठ बाइट शून्याने भरलेल्या असतात, आणि नल आहे की नाही हे वेगळ्या बिटमध्ये असतं. नलेबल फॉल्स असेल तर जनरेट केलेला कोड तो बिट बघतच नाही, थेट आठ बाइट वाचतो. बेरीज 600 राहते, भागाकार तीनऐवजी चारने होतो. अंकांऐवजी स्ट्रिंग असती तर बहुधा नलपॉइंटर फुटला असता, आणि ते परवडलं असतं. अंकांचा घोळ आवाज करत नाही. रिपोर्टमध्ये 150 छापून येतं आणि महिनाभर त्यावर निर्णय होतात.

सर्वांत वाईट म्हणजे तपासायला गेलात तर हाताशी असलेली क्वेरीच खोटं बोलते. 'कॉलममध्ये नल आहेत का' हे विचारायची सरळ रीत म्हणजे इज नल, आणि तीच इथे कापून टाकलेली असते. असा संशय आला तर ज्या डेटाफ्रेमवर फॉल्स बसवला तिच्यावर क्वेरी करू नका. मूळ फाइली नव्याने वाचा, तिथे सगळं नलेबल असतं, आणि तिथे मोजा.

पायस्पार्कमधली आणखी एक फसवी युक्ती सर्रास दिसते: डीएफ डॉट स्कीमा घ्यायचा, त्यातल्या फील्डचं नलेबल थेट फॉल्स करायचं, आणि पुन्हा डीएफ डॉट स्कीमा छापून खात्री करायची. छापल्यावर फॉल्स दिसतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. बदललेला असतो तो पायथनच्या बाजूला धरून ठेवलेला स्कीमाचा ऑब्जेक्ट. खरा प्लॅन जेव्हीएमच्या (स्पार्क ज्यावर चालतो त्या जावा यंत्रणेच्या) बाजूला आहे आणि त्याला याचा पत्ताही नसतो. प्रिंटस्कीमा जेव्हीएमकडून विचारून छापतो, म्हणून तो ट्रूच दाखवतो. दोन्हींत फरक दिसला तर प्रिंटस्कीमा खरा धरा.

आरडीडीच्या वाटेचा खर्चही मोजायला हवा. डॉट आरडीडी म्हटलं की ऑप्टिमायझरच्या दृष्टीने तिथे भिंत उभी राहते. वरचे फिल्टर भिंतीपलीकडे फाइलीपर्यंत ढकलले जात नाहीत, लागतील तेवढेच कॉलम वाचण्याची सोय जाते, आणि पायथनमध्ये असाल तर प्रत्येक ओळ जेव्हीएमकडून पायथनकडे जाऊन परत येते. स्पार्क कनेक्टवर (दूरच्या सर्व्हरवरचा स्पार्क वापरण्याची सोय) असाल तर प्रश्नच मिटला, तिथे डॉट आरडीडी उपलब्धच नाही. कोअलेसच्या वाटेत यातलं काही होत नाही, कारण ते साधं एक्स्प्रेशन आहे आणि प्लॅन अखंड राहतो.

कोअलेस आणि रेझ_एररची एक मर्यादा सांगायला हवी. पुढे कुणी तो कॉलम वापरलाच नाही, तर ऑप्टिमायझर त्याला छाटतो आणि त्याबरोबर तपासणीही जाते. फक्त काउंट घेऊन 'एरर आली नाही, म्हणजे नल नाहीत' असा निष्कर्ष काढू नका. टेबलात लिहिताना कॉलम वापरला जातोच, त्यामुळे तुमच्या बाबतीत ती तपासणी चालेल.

फॉल्स केल्याने वेग किती वाढतो असं पुष्कळजण विचारतात. साध्या सिलेक्ट आणि ग्रुप बायमध्ये फारसा नाही. नलचा बिट तपासणं स्वस्त असतं, आणि पार्केमध्येही ऑप्शनल कॉलमसाठी लागणाऱ्या डेफिनिशन लेव्हल (किंमत आहे की नल ते सांगणारे आकडे) इतक्या आवळून ठेवल्या जातात की नल कमी असतील तर त्यांची जागा नगण्य. इनर जॉइनमध्ये स्पार्क कीवर आपणहून इज नॉट नलचा फिल्टर टाकतो. एक्सप्लेनमध्ये तो दिसतो, त्याने घाबरून जाऊ नका.

एक ठिकाण मात्र खरंच महाग आहे: नॉट इन सबक्वेरी. 'ज्यांचा ग्राहक_आयडी काळ्या यादीत नाही असे' हे नॉट इनने लिहिलं आणि दोहोंपैकी कुठलाही कॉलम नलेबल असेल, तर एसक्यूएलच्या नियमाने यादीत एक नल असला तरी एकही ओळ परत यायला नको. हा अर्थ सांभाळण्यासाठी स्पार्कला साध्या हॅश जॉइनऐवजी ब्रॉडकास्ट नेस्टेड लूप जॉइन करावा लागतो, म्हणजे डावीकडची प्रत्येक ओळ उजवीकडच्या प्रत्येक ओळीशी ताडून बघायची. दोन्ही कॉलम नलेबल फॉल्स असतील तर ती जादा अट गळून पडते आणि साधा अँटी जॉइन होतो. 3.1 पासून एकाच कॉलमच्या नॉट इनसाठी खास सुधारणा आली, तरी दोन कॉलमच्या नॉट इनला ती मदत करत नाही. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला नलचा तो विचित्र अर्थ नकोच असतो. अशा वेळी फ्लॅगशी झटापट करण्यापेक्षा नॉट एक्झिस्ट्स किंवा लेफ्ट अँटी जॉइन लिहा.

म्हणजे वेगासाठी फॉल्स करायची गरज क्वचित पडते. खरी गरज पडते ती बाहेरच्यांशी केलेल्या करारासाठी. काफ्कावर (संदेश वाहून नेणारी यंत्रणा) ॲव्रो फॉरमॅटमध्ये डेटा पाठवत असाल तर नलेबल ट्रू असलेला कॉलम ॲव्रोमध्ये टाइप आणि नल यांचं युनियन होतो, फॉल्स असलेला नुसता टाइप. तुमच्याकडे कुणी निरागसपणे एक लेफ्ट जॉइन घातला, की काल लाँग असलेलं फील्ड आज युनियन होतं, आणि पलीकडे जावात लिहिलेला कन्झ्युमर कोलमडतो. यावर उपाय म्हणजे टू_ॲव्रोला स्कीमा आपणहून देणं. मग स्पार्कच्या बाजूने कॉलम नलेबल असला तरी ॲव्रोत नॉट नल राहतो, आणि प्रत्यक्ष नल आलाच तर लिहिताना एरर येते. करार स्थिर, चूक मोठ्याने बोलणारी, दोन्ही साधतं. जेडीबीसीने नवं टेबल तयार करत असाल तर नलेबल फॉल्स असलेल्या कॉलमपुढे स्पार्क नॉट नल लिहितो. तिथे खरा डेटाबेस पहाऱ्याला बसतो, हे उत्तमच.

नेस्टेड कॉलमचं थोडक्यात: ॲरेला दोन वेगळे फ्लॅग आहेत, ॲरे स्वतः नलेबल आहे का आणि आतला घटक नल असू शकतो का. दुसऱ्याचं नाव कंटेन्सनल. मॅपमध्ये की कधीच नल नसते, व्हॅल्यूसाठी वेगळा फ्लॅग असतो. वरच्या कॉलमवर कोअलेस लावून आतले फ्लॅग बदलत नाहीत. आत बदल हवा असेल तर ट्रान्सफॉर्मने प्रत्येक घटकावर कोअलेस लावावा लागतो. डेल्टा लेकमध्ये (आइसबर्गसारखाच टेबल फॉरमॅट) ॲरे किंवा मॅपच्या आतल्या फील्डवर नॉट नल बसवता येत नाही, आणि स्ट्रक्टच्या आतल्या फील्डवर बसवायचं तर बाहेरचा स्ट्रक्टही नॉट नल असावा लागतो. आतल्या फील्डवर एवढा जोर द्यायची वेळ आली, की ते फील्ड वर आणून साधा कॉलम करणं मला जास्त पटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जुन्या टेबलातला कॉलम नंतर नॉट नल करण्याचा. टेबल फॉरमॅटमध्ये पहिल्यांदा खरी अंमलबजावणी मिळते, पण प्रत्येकाची रीत वेगळी. आइसबर्गमध्ये नॉट नल काढून टाकता येतं, ऑल्टर कॉलममध्ये ड्रॉप नॉट नल म्हणा, झालं. उलटं मात्र स्पार्क एसक्यूएलमधून होत नाही. आधीच्या फाइलींत नल आहेत की नाहीत हे आइसबर्गला माहीत नसतं, म्हणून तो सेट नॉट नल नाकारतो. जावा एपीआयमध्ये 'विसंगत बदल चालतील' असं म्हणून कॉलम रिक्वायर्ड करता येतो, पण तिथे जुना डेटा तपासण्याची जबाबदारी संपूर्ण तुमची. मी हे फक्त एका क्रमाने करतो: आधी टेबलावर लिहिणारे सगळे जॉब थांबवायचे, मग टेबलातूनच त्या कॉलमच्या नल ओळी मोजायच्या, त्या दुरुस्त करायच्या किंवा काढायच्या, पुन्हा मोजायच्या, आणि शून्य आल्यावरच कॉलम रिक्वायर्ड करायचा. जॉब थांबवणं टाळलं तर मोजणी आणि बदल यांच्या मधल्या वेळात एक बॅच नल घेऊन आत येऊ शकते, आणि मग वर सांगितलेली 150 ची सरासरी तुमच्या टेबलात कायमची मुक्कामाला येते. टेबल लहान असेल तर हा खटाटोपही नको: नॉट नल असलेलं नवं टेबल बनवा आणि वरच्या कोअलेसच्या गाळणीतून सगळा डेटा त्यात ओता.

त्याच कारणाने, ओळी असलेल्या आइसबर्ग टेबलात नवा कॉलम थेट रिक्वायर्ड म्हणून घालता येत नाही, कारण जुन्या ओळींत त्याची किंमत कुठून येणार? फॉरमॅटच्या तिसऱ्या आवृत्तीत डीफॉल्ट किंमतीची सोय आली, ती तुमच्या इंजिनाला कळत असेल तरच तिच्यावर विसंबा.

डेल्टा लेकमध्ये नॉट नल टेबल बनवतानाच लिहून ठेवणं सर्वांत सोपं. नंतरसाठी चेक कन्स्ट्रेंट आहे: ॲड कन्स्ट्रेंट म्हणून ऑर्डर_आयडी इज नॉट नल अशी अट द्या. डेल्टा ती घालण्याआधी टेबलातल्या आहे त्या ओळी तपासतो आणि एकही ओळ मोडत असेल तर कन्स्ट्रेंट घालत नाही. मोठ्या टेबलावर याला वेळ लागतो, पण ही तपासणी हवीच असते. त्यानंतर अट मोडणारी प्रत्येक बॅच संपूर्ण नाकारली जाते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर असं होत नाही.

टेस्टचा एक मुद्दा राहिला. युनिट टेस्टमध्ये दोन डेटाफ्रेमच्या स्कीमांची तुलना फक्त नलेबलमुळे पडते, आणि वैतागून लोक चिस्पासारख्या लायब्ररीत इग्नोर नलेबलचा पर्याय सगळीकडे लावून टाकतात. मधल्या पायऱ्यांच्या टेस्टला तो जरूर लावा, तिथे हा फ्लॅग प्लॅनच्या रचनेनुसार बदलत राहणारच. पण टेबलात किंवा काफ्कावर जाणारी जी शेवटची डेटाफ्रेम आहे, तिच्या टेस्टमध्ये नलेबलसकट तुलना करा. आणि तिथल्या नमुना डेटात एक ओळ मुद्दाम नल ऑर्डर_आयडीची ठेवा: ती वेगळ्या टेबलात गेली का हे एका टेस्टमध्ये बघा, आणि फिल्टर वगळून चालवल्यावर रेझ_एररचा तुमचा संदेश येतो का हे दुसऱ्या टेस्टमध्ये.